दुसरा मॉनिटर ‘दिसत’ का नाही?



एका डेस्कटॉपला दोन मॉनिटर ही आता काही श्रीमंती चैन राहिलेली नाही. एकावर ड्रॉइंग उघडलंय आणि दुसऱ्यावर प्रॉब्लेमची पीडीएफ, एकावर कोड आणि दुसऱ्यावर आउटपुट, अशी सवय एकदा लागली की एका स्क्रीनवर काम करणं म्हणजे एका हाताने भाकरी थापण्यासारखं वाटतं. ऑफिसमधल्या मॅडमचंही तेच. एका स्क्रीनवर महाडीबीटीचा स्कॉलरशिप फॉर्म आणि दुसऱ्यावर उत्पन्नाच्या दाखल्याची स्कॅन प्रत असली की नजर वर-खाली करावी लागत नाही आणि आकडाही चुकत नाही. त्यात कंपन्यांची जुनी ऑफिस मशीन्स आणि जुने मॉनिटर सेकंडहँड बाजारात बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. म्हणून हॉस्टेलच्या खोल्यांत दोन-दोन स्क्रीन दिसायला लागले आहेत.

पण खरी गंमत पुढे आहे. मॉनिटर आणला, केबल लावली, बटण दाबलं... आणि पडद्यावर दोन शब्द, ‘नो सिग्नल’! डेस्कटॉप म्हणतो, मला एकच मॉनिटर माहीत आहे, दुसरा कोण हा? मग सुरू होते सल्ल्यांची बरसात. कोणी म्हणतं फॉरमॅट मार, कोणी म्हणतं ग्राफिक्स कार्ड घे, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

म्हणून हा लेख. यात जादू काही नाही. कॉम्प्युटर मॉनिटरला ओळखतो कसा, एवढं एकदा समजून घेतलं की बिघाड कुठे आहे हे शोधायला अर्धा तास पुरतो. आणि बहुतेक वेळा खिशाला फारसा चटका न बसता काम होतं.

ओळख पटते कशी?

आपल्याला वाटतं की केबलमधून फक्त चित्र जातं. तसं नाही. चित्र जायच्या आधी कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांच्यात छोटासा संवाद होतो. मॉनिटरच्या आत एक बारकी मेमरी असते आणि तिच्यात त्या मॉनिटरचं ‘आधार कार्ड’ साठवलेलं असतं. याला ईडीआयडी म्हणतात. याची पहिली आवृत्ती व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये काढली. मूळ माहिती अवघी १२८ बाइट्सची! पण तेवढ्यात कंपनीची तीन अक्षरी खूण, मॉडेलचा क्रमांक, तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि मॉनिटरला कोणतं रिझोल्यूशन सगळ्यात जास्त मानवतं, हे सगळं बसवलेलं असतं. शेवटचा बाइट तपासणीचा. सगळ्या १२८ बाइट्सची बेरीज केली आणि २५६ ने भागलं, तर बाकी शून्य उरली पाहिजे. उरली नाही तर कार्ड ‘खराब’ समजायचं.

एचडीएमआय केबलचं उदाहरण घेऊ. तिच्या टोकाला १९ पिना असतात. त्यातल्या १८ नंबरच्या पिनेवरून कॉम्प्युटर ५ व्होल्ट पाठवतो. मॉनिटर १९ नंबरच्या पिनेवर व्होल्टेज वर करून सांगतो, ‘मी आलोय.’ ही आपल्या वर्गातली ‘येस सर’ समजा. या पिनेचं नाव हॉट प्लग डिटेक्ट. हजेरी मिळाली की कॉम्प्युटर १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून ते आधार कार्ड वाचतो. ते नीट वाचता आलं की त्या मॉनिटरला झेपेल असं चित्र पाठवतो.

जुन्या निळ्या व्हीजीए केबलमध्ये, म्हणजे १९८७ पासून चालत आलेल्या १५ पिनांच्या जोडणीत, हजेरीची वेगळी पिन नाही. तिथे १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून आधार कार्ड वाचलं जातं. ते जमलं नाही, तर पलीकडे ७५ ओहमचा भार लागतोय का हे चाचपूनही बरीच ग्राफिक्स कार्डं अंदाज बांधतात की ‘कोणीतरी आहे बुवा’.

म्हणजे लक्षात घ्या, ‘डिटेक्ट होत नाही’ याचा अर्थ ‘मॉनिटर बिघडला’ असा होत नाही. हजेरी पोहोचली नाही, कार्ड वाचता आलं नाही, किंवा हजेरी घेणाराच जागेवर नाही, या तीनपैकी काहीतरी एक झालेलं असतं. पुढची सगळी तपासणी या तीन गोष्टींभोवती फिरते.

मॉनिटर काय म्हणतोय ते आधी वाचा

डॉक्टर जसे आधी जीभ दाखवायला सांगतात, तसा आधी पडदा नीट बघा. वेगवेगळे मेसेज वेगवेगळं सांगतात.

‘नो सिग्नल’ किंवा लाइट केशरी होऊन मॉनिटर झोपी जाणं: मॉनिटरला वीज मिळतेय, पण निवडलेल्या पोर्टवर चित्र येत नाही.

‘चेक सिग्नल केबल’: केबल लागलेलीच नाही किंवा मध्ये कुठेतरी तुटली आहे, असा मॉनिटरचा समज.

‘आउट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’: ही तर आनंदाची बातमी! सिग्नल पोहोचतोय, फक्त रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट मॉनिटरला झेपत नाही. ते कमी केलं की झालं.

पडदा काळा, पण माउसचा बाण मुख्य स्क्रीनच्या कडेला जाऊन गायब होतो: याचा अर्थ कॉम्प्युटरने दुसरा मॉनिटर ओळखला आहे आणि बाण त्या न दिसणाऱ्या पडद्यावर फिरतोय. ईडीआयडीच्या मेमरीला केबलमधूनच ५ व्होल्ट मिळत असल्यामुळे मॉनिटरचं बटण बंद असतानाही कित्येकदा ओळख पटते. इथे दोष ओळखीत नाही, मॉनिटरचं बटण किंवा इनपुट बघा.

लाइटच लागत नाही: मग सिग्नलचा विषय सोडा, पॉवर केबल आणि सॉकेट बघा.

पायरी पहिली: काखेत कळसा

हसू नका, पण आधी मॉनिटरचा ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बघा. मॉनिटरला तीन पोर्ट असतात, केबल लावलेली असते एचडीएमआयला आणि मॉनिटर वाट बघत बसलेला असतो व्हीजीएवर. काही मॉनिटर आपोआप शोधतात, जुने बरेचसे शोधत नाहीत. खालचं बटण दाबून योग्य इनपुट हाताने निवडा.

मग केबलची दोन्ही टोकं काढून पुन्हा घट्ट बसवा. व्हीजीए आणि डीव्हीआयचे दोन्ही स्क्रू पिळा. स्क्रू न पिळलेली केबल टेबल हललं की एका बाजूने सैल होते. व्हीजीएच्या टोकात डोकावून बघा, एखादी पिन वाकलेली आहे का? इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पुष्कळ व्हीजीए केबलमध्ये ९ नंबरची, म्हणजे मधल्या ओळीतली एक पिन मुळातच नसते. ती बघून केबल फेकून देऊ नका. पण १२ किंवा १५ नंबरची पिन तुटली असेल किंवा स्वस्तातल्या केबलमध्ये आतून जोडलेलीच नसेल, तर आधार कार्ड वाचलं जात नाही. मग विंडोज त्याला ‘जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर’ म्हणतं आणि चित्र १०२४ × ७६८ सारख्या जुनाट रिझोल्यूशनवर अडकतं, किंवा मॉनिटर मुळात दिसतच नाही. प्रोजेक्टरला लांबलचक व्हीजीए केबल ओढली की चित्र पसरट आणि फाटकं दिसतं, त्याचंही हे एक कारण.

आणखी एक साधा उपाय. कॉम्प्युटर शट डाउन करा, दोन्हींच्या पॉवर केबल सॉकेटमधून काढा, कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि एखाद मिनिट थांबा. मॉनिटरच्या आतलं सर्किट कधीकधी अडकून बसतं आणि नुसतं पुढचं बटण बंद करून ते सुटत नाही, कारण स्टँडबायची वीज चालूच असते. लाइट गेली-आली झाल्यावर जे मॉनिटर रुसतात, त्यांच्यातले बरेचसे या एका मिनिटात ताळ्यावर येतात.

पायरी दुसरी: पोर्ट कुणाचा?

कॅबिनेटच्या मागे बघा. उभ्या रांगेत यूएसबी, नेटवर्क, ऑडिओ यांच्या शेजारी जे डिस्प्ले पोर्ट आहेत ते मदरबोर्डचे. त्यांच्या खाली वेगळ्या आडव्या पट्टीत जे आहेत ते ग्राफिक्स कार्डचे. पहिला मॉनिटर कार्डला आणि दुसरा मदरबोर्डला, अशी जोडणी केली की घोळ होतो. कारण ग्राफिक्स कार्ड बसवलं की पुष्कळ मदरबोर्ड स्वतःचं ग्राफिक्स आपोआप बंद करतात.

उपाय सोपा आहे. दोन्ही मॉनिटर कार्डलाच लावा. कार्डला एकच पोर्ट शिल्लक असेल तर बायॉसमध्ये जाऊन ‘इंटर्नल ग्राफिक्स’ किंवा ‘मल्टी-मॉनिटर’ अशा नावाची सेटिंग ‘एनेबल’ करा. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं, पण अर्थ तोच.

मात्र आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर आहे, त्यांना आतलं ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या आधीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये साधारणपणे नावात ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स असतं. अशा मशीनवर मदरबोर्डचे एचडीएमआय पोर्ट म्हणजे भिंतीवर काढलेला दरवाजा. कितीही ठोठावा, उघडणार नाही. त्यात पोर्टचा किंवा मॉनिटरचा काही दोष नाही.

तिसरा स्क्रीन किंवा प्रोजेक्टर जोडायचा असेल तर आणखी एक हिशोब करावा लागतो. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स एका वेळी दोनच डिस्प्ले चालवतं, मागे पोर्ट तीन असले तरी. तिसऱ्या पिढीपासून तीन डिस्प्लेची सोय आली. जुन्या सेकंडहँड मशीनवर हे आधी तपासा.

पायरी तिसरी: कन्व्हर्टरचा चकवा

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. दोन टोकं बसतात म्हणजे केबल चालेल, असं मुळीच नाही. टोक हा फक्त आकार झाला. आत कोणत्या प्रकारचा सिग्नल वाहतोय, ते महत्त्वाचं.

व्हीजीए हा अॅनालॉग सिग्नल. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट डिजिटल. डीव्हीआय (१९९९) हा मधला. डीव्हीआय-डी म्हणजे फक्त डिजिटल, डीव्हीआय-आय म्हणजे दोन्ही. ओळखायचं कसं? पोर्टमधल्या आडव्या चपट्या फटीच्या वर-खाली चार बारीक भोकं असतील तर डीव्हीआय-आय, नसतील तर डीव्हीआय-डी. डीव्हीआय-डीला साधं व्हीजीए अॅडॉप्टर लावलं, म्हणजे त्याच्या जादाच्या चार पिना मोडून जबरदस्तीने बसवलं (असेही वीर आहेत!), तरी चित्र येणार नाही, कारण अॅनालॉग सिग्नल तिथे नाहीच.

एचडीएमआयमधून व्हीजीए काढायचं तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तो पोर्टच्या त्याच ५ व्होल्टवर चालतो आणि नियमानुसार त्या पिनेवर निदान ५५ मिलिअँपिअर मिळतील एवढीच हमी असते. काही कन्व्हर्टरना ते पुरत नाही. मग चित्र येतं, जातं, पुन्हा येतं. ज्या कन्व्हर्टरला बाजूला यूएसबी पॉवरचं छोटं भोक आहे तो घेतलेला बरा.

डीव्हीआय-डी आणि एचडीएमआय मात्र सख्खी भावंडं. दोघांचं चित्र पाठवायचं तंत्र एकच. त्यामुळे त्यांच्यातली साधी केबल कोणत्याही दिशेने चालते.

डिस्प्लेपोर्टची तऱ्हा न्यारी. ‘डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय’ ही साधी केबल एकाच दिशेने चालते: कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटी लावली तर काही दिसणार नाही. रस्ता वन-वे आहे, पण केबलवर तशी पाटी क्वचितच असते.

याचं उदाहरण आमच्याच मजल्यावर घडलं. शेवटच्या वर्षाच्या एका मैत्रिणीने प्रोजेक्टसाठी कंपनीतला जुना मॉनिटर घेतला. त्याला डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय, हिच्या डेस्कटॉपला एचडीएमआय आणि व्हीजीए. तिने डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल आणली, टोकं बरोबर बसली, पण मॉनिटर काही दिसेना. डेस्कटॉप दुकानात नेला तर निदान झालं, ‘मदरबोर्डचा डिस्प्ले सेक्शन गेला, साडेचार हजार लागतील.’ तिचे वडील हळद लावतात, वसमतच्या मार्केटला नेऊन विकतात. पट्टी हातात पडेपर्यंत घरी फोन करून साडेचार हजार मागायचे म्हणजे काय, हे हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही. आमच्याकडे मेसचे दोन महिने त्यात निघतात. रिव्ह्यू आठ दिवसांवर होता.

आम्ही लॅबमधल्या काकांकडून एचडीएमआय-डीव्हीआय केबल तासाभरासाठी मागून आणली. तोच डेस्कटॉप, तोच मॉनिटर. लगेच चित्र आलं! मदरबोर्ड ठणठणीत होता, मॉनिटर ठणठणीत होता, रस्ता तेवढा उलट्या दिशेचा होता. नवी केबल अडीचशे रुपयांत आली. दुकानदाराने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, पण त्याने एकदाही केबल बदलून पाहिली नव्हती, हे मात्र खरं.

सेमिनार हॉलसाठी एक सूचना. एकाची दोन टोकं करणारा स्प्लिटर लावून ‘दुसरा मॉनिटर’ मिळत नाही. कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो एकच डिस्प्ले असतो, त्यामुळे दोन्हीकडे तेच चित्र दिसणार. स्लाइड पडद्यावर आणि नोट्स आपल्यासमोर हव्या असतील तर दोन वेगळे पोर्टच लागतात.

पायरी चौथी: विंडोजला विचारा

आता सॉफ्टवेअर. विंडोजचं बटण धरून ‘पी’ दाबा. चार पर्याय येतील. त्यातलं ‘एक्स्टेंड’ निवडा. कोणीतरी ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ करून ठेवलेलं असेल तर दुसरा मॉनिटर ओळखूनही गप्पच राहतो. लॅबच्या मशीनवर हा प्रकार फार.

तरी दिसला नाही तर डेस्कटॉपवर राइट क्लिक, ‘डिस्प्ले सेटिंग्ज’, खाली ‘मल्टिपल डिस्प्लेज’ आणि तिथलं ‘डिटेक्ट’. त्यानंतर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होईल, घाबरू नका, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतोय. उघडलेल्या फाइल्स तशाच राहतात.

मग ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ खाली काय लिहिलंय ते वाचा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं तर समजा की खरा ड्रायव्हर नाहीच. फॉरमॅट मारल्यावर हे हमखास होतं. हा कामचलाऊ ड्रायव्हर एका स्क्रीनपुरतं भागवतो, दुसऱ्या मॉनिटरची अपेक्षा त्याच्याकडून करू नका. मदरबोर्ड किंवा कार्डच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. ‘ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर टाळा, ती सोबत नको ते पाहुणे आणतात. आणि काल अपडेट झालं, आज मॉनिटर गेला असं असेल, तर ड्रायव्हरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रोल बॅक’ आहे, त्याने आधीचा ड्रायव्हर परत येतो.

उबुंटूवाल्यांसाठी: एक्सऑर्ग सेशनमध्ये टर्मिनलवर ‘एक्सरँडर’ ही कमांड दिली की प्रत्येक पोर्टपुढे ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिस्कनेक्टेड’ असं स्वच्छ लिहून येतं. केबल लावून-काढून दोनदा कमांड द्या. उत्तर बदललं तर हजेरी पोहोचतेय, दोष पुढे सेटिंगमध्ये आहे. बदललंच नाही तर दोष केबल, पोर्ट किंवा मॉनिटरमध्ये आहे. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात प्रामाणिक चाचणी.

पायरी पाचवी: एका वेळी एकच बदल

एवढं करूनही जमलं नाही तर अदलाबदल करायची. पण त्यालाही शिस्त हवी. केबलही बदलली, पोर्टही बदलला, ड्रायव्हरही टाकला आणि मॉनिटर चालू झाला, तर दोष कशात होता हे कळणार कसं? पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चालू असलेली साखळी घ्या: पहिला मॉनिटर, त्याची केबल, त्याचा पोर्ट. आता

१. त्याच केबलवर, त्याच पोर्टवर दुसरा मॉनिटर लावा. चालला तर दुसरा मॉनिटर चांगला आहे.

२. पहिल्या मॉनिटरला, त्याच पोर्टवर, दुसरी केबल लावा. चालली तर केबल चांगली आहे.

३. पहिला मॉनिटर आणि पहिली केबल दुसऱ्या पोर्टवर लावून मशीन सुरू करा. चाललं तर पोर्ट चांगला आहे.

पोर्ट वेगवेगळ्या प्रकारचे असतील तर एखादा लॅपटॉप मागून आणा आणि दुसरा मॉनिटर, दुसऱ्या केबलसकट, त्यावर तपासा. ज्या पायरीवर गाडी अडली, तिथे बदललेली वस्तू दोषी. आणि तिन्ही पायऱ्या पास झाल्या, पण दोन मॉनिटर एकत्र चालत नाहीत, तर हार्डवेअरला हात लावू नका. दोष सेटिंग, ड्रायव्हर किंवा बायॉसमध्ये आहे.

ही पद्धत छोटी वाटते, पण मोठमोठे शास्त्रज्ञही हेच करतात. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र गुरुत्वीय लहरी टिपणार. अमेरिकेतल्या लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, तेव्हा लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड अशा सुमारे ३००० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांवर तीच खूण सुमारे ७ मिलिसेकंदांच्या फरकाने उमटली होती. एकाच केंद्रावर उमटली असती तर ती लहर की यंत्रातलाच काही गोंधळ, ही शंका राहिली असती. तरीही ही मुद्दाम घातलेली चाचणीची खूण तर नाही ना, हे त्यांनी आधी तपासलं आणि जाहीर केलं फेब्रुवारी २०१६ मध्ये. पाच महिने खात्री करण्यात! आपण मात्र पाच मिनिटांत मदरबोर्ड बाद ठरवतो.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको

हा मुद्दा मॉनिटरपेक्षा मोठा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, असं तुमच्याकडे होतं का? कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांच्यातून येणारा बारीक करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल, म्हणजे थ्री-पिनची जाड पिन मोडलेली, टू-पिन कन्व्हर्टर लावलेला किंवा सॉकेटला अर्थची वायरच नाही, तर बॉडी २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी कमी असल्यामुळे माणसाला नुसता चटका जाणवतो. पण मॉनिटर एका सॉकेटवर, डेस्कटॉप दुसऱ्या सॉकेटवर आणि आपण चालू स्थितीत केबल खुपसली, तर टेकण्याच्या त्या क्षणी हा फरक डेटाच्या नाजूक पिनांमधून वाट काढू शकतो. ५ व्होल्टवर काम करणाऱ्या चिपचं काय होत असेल ते तुम्हीच सांगा. ‘काल चालत होता, आज पोर्ट गेला’ या तक्रारीमागे हे कारण असू शकतं.

म्हणून तीन नियम पाळा. दोन्ही मॉनिटर आणि डेस्कटॉप एकाच, अर्थ असलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर लावा. केबल जोडताना-काढताना दोन्हींची पॉवर सॉकेटमधूनच काढा. आणि पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा. हॉस्टेलच्या सॉकेटला अर्थिंग नाही अशी शंका आली तर रेक्टर सरांकडे लेखी द्या, इलेक्ट्रिशियनला टेस्टिंगसाठी बोलवायला सांगा. मुंग्या येतात म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. त्याच सॉकेटवर उद्या कोणी वॉटर हीटर लावला आणि त्याची बॉडी लीक झाली तर तेव्हा नुसत्या मुंग्या येणार नाहीत.

आणि मॉनिटर उघडून बघायचा मोह आवरा. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर चार्ज काही वेळ राहू शकतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाही हे लागू आहे, बरं का!

दुकानात जावंच लागलं तर

वरच्या पाचही पायऱ्या झाल्या, अदलाबदलीत एखादी वस्तू स्पष्टपणे नापास झाली, मग खुशाल दुकानात जा. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. एका कागदावर लिहून न्या: मशीनचं आणि मॉनिटरचं मॉडेल, दोन्हीकडचे पोर्ट, काय काय बदलून पाहिलं आणि प्रत्येक वेळी काय झालं. ‘मॉनिटर चालत नाही’ असं सांगणारा आणि ‘हाच मॉनिटर याच केबलवर लॅपटॉपला चालतो, या पोर्टवर कोणताच मॉनिटर चालत नाही’ असं सांगणारा, यांना मिळणारं उत्तर वेगळं असतं आणि बिलही. दुकानदाराला नम्रपणे म्हणा, ‘काका, माझ्यासमोर एकदा दुसरी केबल लावून दाखवा.’ चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

मदरबोर्डचा पोर्ट खरोखरच गेला असेल तरी मदरबोर्ड बदलणं हा शेवटचा पर्याय ठेवा. शिल्लक पोर्ट वापरता येतो, किंवा जुनं साधं ग्राफिक्स कार्ड बरंच स्वस्तात मिळतं.

खोलीच्या भिंतीवर चिकटवायला एवढं पुरे:

मेसेज वाचा. सोर्स बघा. केबल काढून घट्ट बसवा. प्लग काढून एक मिनिट थांबा. पोर्ट कार्डचा की बोर्डचा ते बघा. कन्व्हर्टरची दिशा तपासा. विंडोज आणि पी. ड्रायव्हर बघा. मग एका वेळी एकच वस्तू बदला. पैसे सगळ्यात शेवटी काढा.

मी शाळेत सगळं सायन्स इंग्लिशमधून शिकले, त्यामुळे मराठीत लिहिताना काही शब्द तसेच राहिले, ते चालवून घ्या. आणि ही यादी वापरून कुणाचा मॉनिटर सुरू झाला तर शेजारच्या खोलीतही जरूर सांगा. कुणाच्या तरी घरून येणारे साडेचार हजार वाचतील.